शूबर्टची गाणी

फ्रान्त्स शूबर्टचा जन्म १७९७ मध्ये व्हिएन्नात, एका शाळामास्तराच्या घरी झाला. एक गायक आणि एक पियानो यांच्यासाठी कवितेला दिलेली चाल, म्हणजे जर्मन ‘लीड’, त्याच्या आधीही होती; पण तिच्यात पियानो बहुधा सुराला आधार देण्यापुरताच असे. शूबर्टने त्याला बोलतं केलं. १८१४ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातल्या ग्रेटखेनचं गाणं रचलं. प्रियकरासाठी झुरणारी ग्रेटखेन सूत कातते आहे आणि वादकाच्या उजव्या हाताखाली चरखा अखंड फिरतो आहे. चुंबनाच्या आठवणीपाशी तो थबकतो, मग अडखळत पुन्हा सुरू होतो. शब्दांत कुठेही नसलेली ही थबक एका कोवळ्या मुलाला सुचावी, हे आजही थक्क करतं.

पुढे त्याने सहाशेहून अधिक गाणी रचली. योहान मिखाएल फोगल या नामवंत ऑपेरागायकाने ती मैफलींतून लोकांपर्यंत नेली. ‘विंटरराइझ’ ही विल्हेल्म म्यूलरच्या कवितांवरची २४ गाण्यांची माला त्याची सर्वांत खोल रचना मानावी लागेल. नाकारलेला प्रेमिक हिवाळ्यात एकटाच चालत राहतो. शेवटी भेटतो तो ज्याचं वादन कुणीच ऐकत नाही असा एक म्हातारा वादक. नोव्हेंबर १८२८ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, शूबर्ट वारला. मालेचा दुसरा भाग त्यानंतरच छापून आला.