पाकिटावरचा पत्ता बदलणारे यंत्र

तुमच्या वर्गात ७ नंबर कोणाचा? शेजारच्या 'ब' तुकडीतही एक ७ नंबर असतोच. रोज त्याने काही बिघडत नाही. पण पावसाळ्यात एका वर्गाचे छत गळू लागले आणि दोन्ही तुकड्या एकाच खोलीत बसवल्या, की "नंबर ७" असे पुकारताच दोघेजण उभे राहतात. मोठ्या संगणक केंद्रांतही अगदी हाच घोटाळा होऊ शकतो, आणि तेथे तो हसण्यावारी नेता येत नाही. तो कसा टाळतात ते पाहू.

घरच्या संगणकाची माहिती त्याच्या पोटातच साठवलेली असते. बँकेत किंवा मोठ्या इस्पितळात शेकडो संगणक असतात. प्रत्येकाच्या पोटात वेगळी तबकडी ठेवली तर एकाची भरून जाते आणि दुसऱ्याची रिकामी पडून राहते. म्हणून तबकड्या बाहेर काढून कपाटांत एकत्र ठेवतात (आता पुष्कळ ठिकाणी तबकड्यांची जागा चिपांनी घेतली आहे) आणि संगणक व कपाटे यांच्यामध्ये एक स्वतंत्र जाळे विणतात. यालाच स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. आपण साठवण-जाळे म्हणू. या जाळ्यातून मुख्यतः दोनच प्रकारच्या आज्ञा धावतात: "अमुक जागेवरचे वाच" आणि "हे तमुक जागेवर लिही".

अशी अनेक जाळी फायबर चॅनल नावाच्या पद्धतीने चालतात. तिच्यावर १९८८ मध्ये काम सुरू झाले आणि १९९४ मध्ये तिला अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. गंमत म्हणजे 'फायबर' शब्दाचे स्पेलिंग अमेरिकनांनी येथे मुद्दाम इंग्रजांसारखे केले. कारण ही पद्धत काचतंतूंवरच नव्हे, तर तांब्याच्या तारांवरही चालते.

या पद्धतीत माहिती लहान लहान पाकिटांत भरून पाठवतात. मोठ्यात मोठे पाकीट २,१४८ बाइटचे. त्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. पत्ता २४ बिटांचा, म्हणजे ८-८ बिटांचे तीन आकडे. पहिला आकडा स्विचचा. स्विच म्हणजे पाकिटे योग्य तारेवर वळवणारी पेटी. स्विचना १ ते २३९ यांपैकी नंबर मिळतात. उरलेले दोन आकडे त्या स्विचवरची जागा सांगतात. याशिवाय प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ६४ बिटांचे एक नाव मिळते, ते जगात दुसऱ्या कोणाचे नसते. नाव कायमचे, पत्ता मात्र त्या जाळ्यापुरता. तुमचे नाव आणि हजेरीचा नंबर यांसारखेच. पाकीट पोचते ते पत्त्यावर, नावावर नव्हे. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

समजा, एका बँकेचे एक जाळे मुंबईला आहे आणि एक पुण्याला. मुंबईच्या केंद्रात उद्या आग लागली किंवा पाणी शिरले तरी खातेदारांचे पैसे कागदोपत्री शाबूत राहिले पाहिजेत. त्यासाठी मुंबईच्या माहितीची प्रत पुण्याच्या कपाटात उतरली पाहिजे. मग दोन्ही स्विच काचतंतूने सरळ जोडून टाकले तर?

फायबर चॅनलचे स्विच एकमेकांना जोडले, की ते आपण एकाच जाळ्याचे भाग आहोत असे मानून आपल्यातून एक प्रमुख निवडतात. प्रमुख नंबरांवर देखरेख करतो. पण मुंबईतही १ नंबरचा स्विच आहे आणि पुण्यातही. दोन १ नंबर समोरासमोर आले, की स्विच ती जोडणीच बंद करतात. तार आहे, पण तिच्यावरून काही जात नाही.

बरे, रात्रभर जागून पुण्याचे सगळे नंबर बदलले आणि जाळे एक झाले. आता पुण्यात कोणी एक संगणक बंद-चालू केला तरी त्याची सूचना मुंबईपर्यंत जाऊ शकते. मधल्या रस्त्यावर खोदकाम करणाऱ्याने केबल तोडली, तर दोन्ही शहरांतल्या स्विचना नकाशा पुन्हा मांडावा लागतो. शिवाय काही संगणक दिसेल ती तबकडी आपलीच समजून तिच्यावर खूण लिहायला जातात! कोणी कोणाला पाहायचे याचे नियम असतात, पण दोन ठिकाणचे नियम एकत्र करताना एक चूक झाली तरी दुसऱ्याची माहिती पुसली जाऊ शकते. माझ्या मते घाबरण्यासारखी गोष्ट ही आहे. नंबरांचा गोंधळ निदान लगेच दिसतो तरी.

म्हणून मध्ये राउटर बसवतात. राउटर दोन्ही जाळ्यांत पाय ठेवून उभा असतो, पण त्यांना एक होऊ देत नाही. तो मुंबईच्या जाळ्यात एका रिकाम्या नंबराचा, समजा ५० नंबरचा, स्विच असल्याचे सोंग घेतो आणि पुण्याचे कपाट त्या खोट्या स्विचला जोडलेले आहे असे दाखवतो. पुण्यात तो असेच ६० नंबरचे सोंग घेऊन मुंबईचा संगणक तेथे असल्याचे भासवतो. बाकीची यंत्रे एकमेकांना दिसतच नाहीत.

आता एका पाकिटाबरोबर चला. मुंबईचा संगणक आहे १-२-० या पत्त्यावर. त्याने पाकीट पाठवले ५०-१-० ला. राउटरने ते उचलले आणि घेणाऱ्याचा पत्ता खोडून १-४-० केला. पुण्याच्या कपाटाचा खरा पत्ता हाच. पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून ६०-१-० केला, नाहीतर उत्तर पुण्यातल्याच भलत्या यंत्राकडे गेले असते. पाकिटाच्या शेवटी चूक ओळखण्यासाठी ४ बाइटांची एक बेरीज असते. पत्ता बदलल्यामुळे तीही नव्याने मांडली. आतला मजकूर जसाच्या तसा. काही थोड्या निरोपांच्या आतही पत्ता लिहिलेला असतो. तेवढी पाकिटे मात्र राउटरला उघडून पाहावी लागतात.

आता केबल तुटली तर? मुंबईला एवढेच कळते की ५० नंबरचा स्विच दिसेनासा झाला. पुण्याची प्रत थांबते, पण मुंबईची आतली जोडणी आपल्या जागी राहते.

अंतराची अडचण मात्र राउटरलाही चुकत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे केबल १५० किलोमीटरची धरली, तर पाकीट जाऊन पोच यायला ३०० किलोमीटर, म्हणजे दीड मिलिसेकंद लागतो. फायबर चॅनलमध्ये समोरच्याकडे जागा आहे हे ठाऊक असल्याशिवाय पाकीट सोडत नाहीत. सुरुवातीच्या वेगात, सेकंदाला सुमारे १०६ कोटी बिट, एक मोठे पाकीट तारेवर जवळजवळ ४ किलोमीटर लांब पसरते. बाइटमागे १० बिट जातात हे लक्षात घेऊन तुम्हीच गणित करून पाहा. तार सतत भरलेली ठेवायची तर पलीकडे ३०० भागिले ४, म्हणजे ७५ पाकिटांची जागा हवी. वेग आठपट केला की पाकीट अर्ध्या किलोमीटरचे होते आणि जागा लागते ६०० पाकिटांची!

राउटरचा उपयोग दूरच्या गावांसाठीच होतो असे नाही. पुढे एकाच स्विचचे आतल्या आत अनेक स्वतंत्र भाग पाडण्याची युक्ती निघाली. दोन शेजारी खात्यांची जाळी एकाच पेटीत राहतात, तरी एकमेकांना दिसत नाहीत. दोघांना मिळून एकच महागडे फीत-यंत्र वापरायचे असेल, तर त्या पेटीतच राउटरचे काम करून तेवढे एक यंत्र दोन्हीकडे दाखवले जाते.