हिशेब रोजचा : एक्स्चेंजमध्ये जुन्या टीव्हीचे खरे किती मिळतात?

गणपती-दिवाळी जवळ आली की पेण-रोह्याच्या बाजारपेठेत फलक झळकतात : ‘जुना टीव्ही द्या, ५,००० रुपये सूट घ्या.’ बंद पडलेल्या टीव्हीचे एवढे पैसे दुकानदाराला परवडतात कसे?

या रकमेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : जुन्या टीव्हीची किंमत आणि नव्यावरची सवलत. त्या वेगळ्या करायला एकच प्रश्न पुरतो : ‘जुना न देता केवढ्याला द्याल?’ समजा, छापील किंमत ३०,०००, एक्स्चेंजमध्ये २५,००० आणि नुसता रोखीने २६,५००. म्हणजे जुन्याचे मिळाले फक्त १,५००. आता दुरुस्तीवाल्याकडे चौकशी करा; स्क्रीन शाबूत असेल तर सुट्या भागांसाठी तो जास्तही देईल. बंद फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधल्या तांब्यालाही भाव असतो.

जीएसटीचा नियमही हेच पाहतो : कर एक्स्चेंजनंतर उरलेल्या रकमेवर नव्हे, तर जुनी वस्तू न देता पडणाऱ्या बाजारभावावर मोजतात.

बाहेर तेवढेच मिळत असतील, तर एक्स्चेंज जरूर घ्या. जुना टीव्ही हलवण्याचा खर्च वाचतो. मोठा फरक दिसला, तर दोन्ही व्यवहार वेगळे करा.