तापाचा कितवा दिवस?

नवी मुंबईच्या करावे गावात ताप अंगावर काढायचा नाही म्हटलं, तर पहिली पायरी गावातल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राची, दुसरी नेरूळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयाची. याच रुग्णालयात महापालिकेने ऑगस्ट २०२० मध्ये स्वतःची आरटीपीसीआर लॅब उभारली. त्याआधी कोविडचे नमुने बाहेर पाठवावे लागत.

आरटीपीसीआरला काही तास लागतातच. मलेरियाची पट्टी मात्र बोटातल्या थेंबभर रक्तावर १५-२० मिनिटांत उत्तर देते. पण तिच्यातली एक गोम फारशी कुणी सांगत नाही: फाल्सिपेरम मलेरिया बरा झाल्यावरही त्याचं एचआरपी-२ हे प्रथिन रक्तात काही आठवडे रेंगाळतं. म्हणजे पट्टीवर रेघ उमटते, रोगी मात्र ठणठणीत! अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, ही जुनीच रीत कामी येते.

डेंग्यूत सगळा खेळ दिवसांचा. एनएस-१ चाचणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. म्हणून ताप कधी चढला, ती तारीख डॉक्टरांना नक्की सांगा. रॅपिड किट पॉझिटिव्ह आलं, तरी सरकारी नोंदीत पक्की मोहोर एलायझा चाचणीचीच.

क्षयरोगासाठी सीबीनॅट यंत्र दोन तासांच्या आत जंतू ओळखतं आणि रिफाम्पिसिन औषध त्याला लागू पडेल का, तेही सांगतं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी तपासणी अडत नाही.