शिक्षा संपते, मग काय?

तुरुंगातून माणूस सुधारून बाहेर येतो की आणखी बिघडून? यावर प्रत्येकाचे मत असते. पुरावा मिळवणे मात्र अवघड. तुरुंगात गेलेल्यांची तुलना न गेलेल्यांशी करावी, तर मुळात त्यांचे गुन्हेच सारखे नसतात.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासाने यावर वाट काढली. तिथे खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाणार, हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. कुणी न्यायाधीश कडक, कुणी सौम्य. त्यामुळे सारख्याच गुन्ह्यातले काही आरोपी तुरुंगात गेले, काही बाहेर राहिले. अशांची तुलना केली, तेव्हा तुरुंगवासामुळे पाच वर्षांत पुन्हा गुन्हा दाखल होण्याची शक्यता शंभरात सुमारे २९ने कमी झालेली दिसली.

मेख पुढेच आहे. हा फायदा प्रामुख्याने आधी बेकार असलेल्यांना झाला. आत त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि सुटल्यावर ते कामाला लागले. ज्यांना आधी नोकरी होती, त्यांची ती गेली आणि त्यांच्यात अशी सुधारणाही दिसली नाही. म्हणजे गुण भिंतींचा नाही, आत मिळालेल्या कामाचा आहे.

दुसरा धोका शरीराचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांहून अधिक कैद्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या सुमारे १३ पट होता. सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिडोस. अफूवर्गीय नशा काही महिने बंद राहिली की शरीराची सवय उतरते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेत ती घेतली, तर श्वास थांबू शकतो.

आपल्याकडे अडचण आणखी आधी सुरू होते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या दर १०० कैद्यांपैकी ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले. तुरुंगातले काम आणि प्रशिक्षण मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी असते. कच्चा कैदी कधी सुटेल हे ठाऊक नसते, त्यामुळे त्याच्यासाठी काही आखणेही कठीण जाते.

वेगळी वाट आपल्याच मातीत आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत उभी राहिली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. काम आणि घर तुटू द्यायचे नाही, एवढेच त्यामागचे सूत्र.

घरातले कुणी सुटून येत असेल, तर तुरुंगातील उपचारांची कागदपत्रे आणि चालू औषधे सोबत मागून घ्या. व्यसनाचा इतिहास असेल, तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि पहिले पंधरा दिवस त्याला एकटे सोडू नका.