साखरेचा अडसर: बॉम्बे रक्तगटापासून डुकराच्या मूत्रपिंडापर्यंत

1952 साली 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. मुंबईतल्या काही माणसांना जवळपास कुणाचेच रक्त चालत नव्हते, अगदी 'ओ'सुद्धा. पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे वरकरणी गट 'ओ'. पण त्यांच्या रक्तद्रवात 'ओ'च्या पेशी टाकल्या की गुठळ्या व्हायच्या. 'ओ'च्या पेशींवरही एच नावाची साखरेची साखळी असते. या माणसांत तिच्या टोकाला फ्युकोज जोडणारे विकर नसते, त्यामुळे एच त्यांच्या शरीराला परका. हाच बॉम्बे रक्तगट.

नायगावच्या रक्तदान शिबिरात असा दाता आला, तर अँटी-ए, अँटी-बीच्या थेंबांवर तो आजही 'ओ'च ठरेल. रक्तपेढीने अँटी-एच लावले किंवा उलट तपासणी केली, म्हणजे त्याच्या रक्तद्रवात 'ओ'च्या पेशी टाकून पाहिल्या, तरच खरा गट कळतो.

प्राण्यांचे अवयव माणसाला बसवण्यातली अडचणही याच जातीची निघाली. उरी गलिली यांनी 1984 साली दाखवले की, अल्फा-गॅल या साखरेविरुद्धची प्रतिपिंडे निरोगी माणसांच्या रक्तात मुळातच असतात. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ही साखर भरपूर. म्हणून त्याचा अवयव माणसाचे रक्त खेळू लागताच काही मिनिटांत, फार तर काही तासांत निकामी होतो.

1997च्या जानेवारीत आसाममध्ये सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय रुग्णाला बसवले, तेव्हा अल्फा-गॅल नसलेले डुक्कर जगात कुठेच नव्हते. रुग्ण आठवडाभरात दगावला आणि डॉक्टरांना तुरुंगवास झाला.

ती साखर बनवणारे जनुक पूर्ण बंद केलेली डुकरे 2002 साली जन्मली. पुढे आणखी दोन साखरा हेरल्या गेल्या. तिन्ही काढलेल्या डुकराचे हृदय 2022 साली अमेरिकेत मेरीलँडला सुमारे दोन महिने चालले. 2025च्या जानेवारीत बोस्टनला बसवलेले मूत्रपिंड 271 दिवस टिकले.

तत्काळ होणारा नकार बराचसा आटोक्यात आला. सावकाश होणारा नकार आणि डुकराचे विषाणू यांचा बंदोबस्त अजून व्हायचा आहे. तरी शस्त्रक्रियेआधीची एक पायरी भेंडे यांच्या काळातलीच आहे: रुग्णाचा रक्तद्रव आणि परक्या पेशी एकत्र करायच्या आणि जुळते का ते पाहायचे. जुळले नाही, तर का नाही याचा छडा लावायचा.