सेरोवेचे गवंडी

युगांडाच्या 2001 सालच्या युवा धोरणात तरुणपण 12 व्या वर्षी सुरू होतं आणि 30 व्या वर्षी संपतं. दक्षिण आफ्रिकेत ते 14 ते 35. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत 18 पासून पस्तिशी गाठेपर्यंत. नायजेरियाने 2019 मध्ये वरची मर्यादा 35 वरून 29 वर आणली आणि तिशी ओलांडलेले असंख्य नायजेरियन तरुण धोरणाच्या बाहेर गेले. आफ्रिकी संघाने गाम्बियाच्या बांजुल शहरात 2 जुलै 2006 रोजी मंजूर केलेल्या युवा सनदेने 15 ते 35 हा पट्टा धरला. ही सनद 8 ऑगस्ट 2009 पासून लागू झाली आणि पुढे देशोदेशीच्या युवा मंत्रालयांनी तिचीच भाषा उचलली.

सनदेत शिक्षण आहे, रोजगार आहे, आरोग्य आहे, निर्णयप्रक्रियेतला सहभाग आहे. ज्या खंडातली निम्मी माणसं अजून विशीच्या आत आहेत, तिथे हे सगळं हवंच. पण तरुणांसाठी काही करायला निघालं की तीन प्रश्न उभे राहतात: हातचं काम शिकवायचं की पुस्तकी शिक्षण द्यायचं, त्या शिकण्याचा खर्च कुणी सोसायचा, आणि पैसा अखेर कुणाच्या हातात राहायचा. या प्रश्नांवरची खरी झुंज सनदेच्या चाळीस वर्षं आधी, कालाहारीच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या खेड्यात झाली. ती आजच्या युवा धोरणांच्या चर्चेत फारशी येत नाही, आणि हे नुकसान मोठं आहे.

खेड्याचं नाव सेरोवे. बामांग्वाटो जमातीची ही राजधानी, खामा घराण्याचं गाव. बोट्सवाना तेव्हा बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि जगातल्या अत्यंत गरीब मुलखांत मोडत होता. हिरे सापडायचे होते. तिथे 1963 साली पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग नावाच्या तिशीतल्या गोऱ्या माणसाने स्वानेंग हिल नावाची माध्यमिक शाळा सुरू केली.

व्हॅन रेन्सबर्ग 1931 साली डर्बनमध्ये जन्मले. दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र खात्यात होते, बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिलच्या वकिलातीत उपवाणिज्यदूत म्हणून काम करत होते. वर्णभेदाचं समर्थन आपल्याच्याने होणार नाही म्हणून 1957 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकी मालावर बहिष्कार घालण्याची चळवळ उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या संघटकांपैकी ते एक. तिथून ते परतले, पण 1960 च्या शार्पव्हिल हत्याकांडानंतर धरपकड सुरू झाली तेव्हा त्यांना मायदेशातून निसटावं लागलं. असा माणूस सेरोवेत येऊन शाळा काढतो, तेव्हा ती नुसती शाळा राहणं शक्यच नव्हतं.

पैसे नव्हते. इमारत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून बांधायची असं ठरलं. सुट्टीच्या दिवशी मुलं पाया खणत, विटा वाहत. व्हॅन रेन्सबर्ग यांना त्यात काटकसर दिसत होती तशी शिकवणही दिसत होती. गावाच्या पैशावर शिकलेल्या मुलाने गावाकडे पाठ फिरवू नये, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी विकासाचा अभ्यास हा विषयच अभ्यासक्रमात आणला.

पण शाळेच्या दाराबाहेर उभी असलेली मुलं त्यांना जास्त अस्वस्थ करत होती. प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडणाऱ्यांपैकी मोजक्यांनाच माध्यमिक शाळेत जागा मिळे. उरलेल्यांनी गुरं राखायची, नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या खाणींची वाट धरायची. या मुलांसाठी 1965 मध्ये पहिली ब्रिगेड निघाली, गवंड्यांची.

तिची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. प्राथमिक शिकलेली मुलं एका अनुभवी गवंड्याच्या हाताखाली येत. आठवड्यातला बराचसा वेळ प्रत्यक्ष बांधकामावर जाई, उरलेला वर्गात. बांधकाम खरं असे: शाळेची खोली, कुणाचं घर, कुणाचं दुकान. त्या कामाचा मोबदला ब्रिगेडला मिळे आणि त्यातून शिकवणाऱ्याचा पगार, हत्यारं, सिमेंट असा खर्च भागे. सरकारकडे हात पसरायचा नाही, मुलांकडून फी घ्यायची नाही. मुलाने उभी केलेली भिंत हाच त्याचा धडा आणि तीच त्याची फी. थापी कशी धरायची हे तो जिथे शिके, तिथेच ओळंबा चुकला तर घरमालक पैसे अडवून धरतो हेही शिके. थोड्याच वर्षांत गवंड्यांमागून सुतार, शेतकरी, कातडी कमावणारे, विणकर अशा ब्रिगेडी निघाल्या आणि सेरोवेची पद्धत देशातल्या इतर गावांनी उचलली.

योगायोग असा की, 1965 सालीच ही सगळी कल्पना मुळात फसवी आहे असं सांगणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक फिलिप फॉस्टर, शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ. निबंधाचा रोख ऑक्सफर्डचे अर्थतज्ज्ञ टॉमस बॅलॉग यांच्यावर होता. आफ्रिकेतल्या शाळा कारकून तयार करतात, त्याऐवजी त्यांनी शेती आणि हस्तकौशल्य शिकवावं म्हणजे मुलं खेड्यात राहतील, असं बॅलॉग मांडत होते. फॉस्टर यांनी घानातल्या शाळांचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं: घानात एकोणिसाव्या शतकापासून हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला आणि पुन्हा पुन्हा फसला. मुलं अभ्यासक्रम पाहून धंदा ठरवत नाहीत, पगार पाहून ठरवतात. चांगला पगार कचेरीत आहे आणि कचेरीची वाट पुस्तकी शिक्षणातून जाते, म्हणून घानाच्या मुलांच्या दृष्टीने पुस्तकी शिक्षण हेच खरं धंदेशिक्षण आहे. सुतारकीचा तास वाढवून बाजारातली ही तफावत बुजत नाही.

हा निबंध आजही खणखणीत वाटतो. आफ्रिकेतल्या तरुणांना शेतीची लाज वाटते, त्यांना घाम गाळायला नको, अशी तक्रार करणारे मंत्री आजही प्रत्येक देशात सापडतात. त्यांना दिलेलं हे सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात सज्जड उत्तर आहे. तरुण आळशी नसतात, हिशेबी असतात, हे फॉस्टर यांनी आकड्यांनिशी दाखवलं.

सेरोवेत दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. स्वानेंग हिलच्या विद्यार्थ्यांना श्रमदान नकोसं झालं. 1966 मध्ये देश स्वतंत्र झाला होता, नव्या सरकारला शिकलेली माणसं हवी होती, प्रमाणपत्र हाती पडलं की नोकरी ठरलेली. अशा वेळी दगड का वाहायचे, हा मुलांचा सवाल होता आणि पालकांचाही. त्यात 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले आणि सरकारी नोकऱ्यांची संख्या वाढतच गेली. व्हॅन रेन्सबर्ग यांनी 1974 च्या आपल्या पुस्तकात ही निराशा हातचं न राखता लिहून ठेवली आहे. आपण गोरगरिबांची शाळा काढायला गेलो आणि तिच्यातूनच नवा वरचा वर्ग निघतो आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं. पुढे त्यांचं लक्ष माध्यमिक शाळेवरून ब्रिगेडींकडे वळलं.

ब्रिगेडी मात्र टिकल्या, कारण तिथे येणाऱ्या मुलापुढे कचेरीची वाट नव्हतीच. त्याचा हिशेब वेगळा होता आणि त्या हिशेबात गवंडीकाम चोख बसत होतं.

या काळाचं सगळ्यात जिवंत चित्र कुठल्याही अहवालात सापडत नाही. ते लेखिका बेसी हेड यांच्या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या, सेरोवेवरच्या पुस्तकात सापडतं. बेसी हेड 1964 मध्ये लहानग्या मुलाला घेऊन, परतीची वाट कायमची बंद करून घेऊन दक्षिण आफ्रिकेतून सेरोवेत शिक्षिका म्हणून आल्या. शिक्षिकेची नोकरी गेली, निर्वासितपण वर्षानुवर्षं सुटलं नाही. व्हॅन रेन्सबर्ग यांनी गावकऱ्यांसाठी सुरू केलेल्या बोइतेको या सामूहिक उपक्रमाच्या भाजीमळ्यात त्या राबल्या. तिथे त्यांनी रसभरीची लागवड केली आणि त्या फळांचा मुरंबा घातला; 1973 च्या त्यांच्या कादंबरीतही तो मळा आणि ती रसभरी आली आहे. सेरोवेवरच्या पुस्तकासाठी त्यांनी गावातल्या माणसांना बोलतं केलं. म्हातारे, कुंभारकाम करणाऱ्या बाया, छपरं शाकारणारे, ब्रिगेडीतली पोरं, शिकवणारे, सगळे आपल्या तोंडाने बोलतात. पुस्तकाचे तीन भाग त्यांनी तीन माणसांभोवती बांधले: राजा खामा, त्याचा मुलगा त्शेकेडी आणि पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग. त्या गावाच्या इतिहासात एका परक्या शाळामास्तराला मिळालेली ही जागा पुरेशी बोलकी आहे. युवा धोरणांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचायला हवं, कारण तिथे तरुण हा लाभार्थी म्हणून येत नाही, आपल्या कामाची माहिती देणारा जाणता माणूस म्हणून येतो.

ब्रिगेडीचं दुखणं तिच्या रचनेतच होतं. खर्च भागवायचा तर काम वेळेत उरकायला हवं, आणि शिकाऊ मुलाकडून काम वेळेत उरकत नाही. कंत्राटाची तारीख जवळ आली की शिक्षकाचा मुकादम होई आणि वर्ग बुडे. कंत्राटं आटली की पगार थकत. मुलांना राबवून स्वस्तात बांधकाम करून घेता, असा आरोपही झाला, आणि तो सगळा खोटा नव्हता. सरकारने मदत देऊ केली, ती ब्रिगेडींना हवीच होती. अनुदान वाढत गेलं तसा अभ्यासक्रम आणि परीक्षांचा भाग वाढला, उत्पादनाचा घटला. शेवटी 2000 नंतरच्या दशकात सरकारने गावोगावच्या विश्वस्त मंडळांकडून ब्रिगेडी आपल्याकडे घेण्याचं ठरवलं. एके काळी भिंती बांधून पोट भरणारी संस्था सरकारी प्रशिक्षण केंद्र झाली. व्हॅन रेन्सबर्ग यांना 1981 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, 1984 मध्ये त्यांनी 'म्मेगी' हे वृत्तपत्र उभं केलं, 2017 च्या मे महिन्यात ते गेले.

इतर देशांची कथा थोडक्यात सांगता येते. एनक्रुमा यांच्या घानात 1957 पासून बेकार तरुणांची सरकारी बांधकाम ब्रिगेड होती. ती सत्ताधारी पक्षाच्या दावणीला बांधली गेली आणि 1966 च्या लष्करी उठावानंतर संपली. केनियात चर्चच्या पुढाकाराने 1960 च्या दशकाच्या अखेरीस ग्राम-तंत्रनिकेतनं निघाली, तीही पुढे सरकारी झाली. केनियाचीच राष्ट्रीय युवा सेवा 1964 पासूनची; 2015 मध्ये तिच्यातले 79 कोटी 10 लाख शिलिंग हडप झाल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि एका मंत्र्यांना पद सोडावं लागलं. नायजेरियाने 2018 मध्ये घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची किमान वयोमर्यादा 40 वरून 35 वर आणली, ही लढाई मात्र तरुणांनी स्वतः लढून जिंकली.

सेरोवेतल्या तिसऱ्या प्रश्नाचं, पैसा कुणाच्या हातात राहायचा याचं, सगळ्यात स्वच्छ उत्तर युगांडाच्या उत्तर भागातून आलं. दीर्घ यादवीने पोळलेल्या या भागात सरकारने 2008 च्या सुमारास एक योजना राबवली. 16 ते 35 वयाच्या तरुणांनी गट करायचे, कोणता धंदा शिकणार आणि कोणती हत्यारं घेणार याचा अर्ज करायचा. पात्र गट 535 निघाले आणि पैसे तेवढे नव्हते, म्हणून सोडत काढली. 265 गटांना पैसे मिळाले, माणशी सुमारे 382 डॉलर, म्हणजे जवळपास वर्षाच्या कमाईइतके, एकरकमी आणि बिनपरतीचे. नंतर कुणी तपासायला आलं नाही. बहुतेकांनी शिवणकाम आणि सुतारकाम निवडलं.

सोडत काढल्यामुळे पैसे मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना करता आली. क्रिस्टोफर ब्लॅटमन, नेथन फियाला आणि सेबास्टियन मार्टिनेझ या संशोधकांना चार वर्षांनी दिसलं की, ज्यांच्या हाती रक्कम पडली त्यांच्याकडे धंद्याचं भांडवल 57 टक्के जास्त होतं, कामाचे तास 17 टक्के जास्त, कमाई 38 टक्के जास्त. पैसे उधळले गेले नव्हते. शिवणयंत्रं आणि रंधे घेतले गेले होते. तरुणांच्या हाती रोकड देऊ नये, ते ती उडवतील, या सर्वत्र ऐकू येणाऱ्या समजाला इतका ठोस छेद क्वचितच मिळाला असेल.

नऊ वर्षांनी तेच लोक पुन्हा शोधले गेले. आता दोन्ही गटांची कमाई सारखी झाली होती. ज्यांना काही मिळालं नव्हतं त्यांनीही कष्टाने गाठलं होतं. फरक मालमत्तेत आणि अंगी असलेल्या कसबात उरला होता. काहींनी याला योजनेचं अपयश म्हटलं, ते पटत नाही. युद्धातून बाहेर पडलेल्या पंचविशीतल्या माणसाला चांगली कमाई काही वर्षं आधी मिळाली, तर त्या वर्षांत पोरांच्या शाळेची फी भरली जाते आणि घरावर पत्रे चढतात. दुसऱ्या गटाची तीच वर्षं ओढगस्तीत गेली.

याच पाहणीतून आणखी एक गोष्ट निघाली. 2011 च्या निवडणुकीत पैसे मिळालेल्या तरुणांनी सत्ताधाऱ्यांना जास्त मतं दिली असतील असं वाटणं साहजिक होतं. उलट घडलं. ते विरोधी पक्षांकडे अधिक झुकलेले आढळले. संशोधकांचा अंदाज असा की, हातात स्वतःचा धंदा आल्यावर त्यांना सत्ताधाऱ्यांची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही. लोकशाहीच्या दृष्टीने युवा सक्षमीकरणाचा याहून चांगला पुरावा मागता येणार नाही.

त्या निवडणुकीनंतर दोनेक वर्षांनी कंपालातल्या सरकारने देशभरासाठी नवी युवा उपजीविका योजना आणली. गट याही योजनेत होते, शिवणकाम आणि सुतारकामही होतं. या वेळी पैसे कर्जाऊ होते. अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांच्या मंजुरीतून जात होते, वर्षभरात फेडलं तर व्याज माफ होतं, आणि पुढची अनेक वर्षं त्या योजनेबद्दलच्या बहुतेक बातम्या थकलेल्या वसुलीच्या होत्या.