मातीचा बैल लुकलुकतो का?

आषाढ लागला की आमच्या सातारा-सांगलीकडे बेंदराचे वेध लागतात. कुंभारवाड्यात मातीचे बैल दिसू लागतात आणि पोरांना ते केव्हा एकदा हातात पडतात असे होऊन जाते. साताऱ्याला माझी थोरली बहीण असते. तिच्या मुलाने गेल्या बेंदराला निराळाच उद्योग आरंभला. आजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेली बैलजोडी त्याने मेजावर मांडली, संगणकाला एक स्वस्तातला वेबकॅम जोडला, आणि बैल मिरवत येऊन कर तोडतात असे चित्र काढायला बसला. बैल शाळूच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा, एक चित्र घ्यायचे; पुन्हा सरकवायचा, पुन्हा चित्र. अशी चित्रे सेकंदाला १२ या वेगाने दाखवली म्हणजे बैल आपल्या पायांनी चालल्यासारखा वाटतो. याला स्टॉप-मोशन म्हणतात.

हा खेळ आपल्याकडे नवा नाही बरे का! दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची चित्रे दिवसामागून दिवस घेऊन रोप पडद्यावर वाढवून दाखवले होते. पुढे १९१५ मध्ये त्यांनी चक्क आगकाड्या नाचवल्या.

तर आमच्या चिरंजिवांनी दोन दिवस मान मोडून ४८० चित्रे घेतली. म्हणजे हिशेबाने ४० सेकंदांचा खेळ. तो पाहायला सगळे घर जमले आणि पाहतात तो काय, बैल चालताहेत खरे, पण वीज चमकावी तसा उजेड कमीजास्त होतोय. मागची पांढरी भिंत घडीत पिवळी, घडीत निळसर. आणि कर तोडायच्या ऐन वेळी शिंगे धुरकट! आजोबांची ऐंशी उलटलेली. ते एवढेच म्हणाले, “चांगलं झालंय की.” पण पोराचे तोंड एवढेसे झाले. मला सांगलीला फोन आला, “मामा, कॅमेरा बिघडलाय. नवा घ्यायला पाहिजे.” बेंदूर चार दिवसांवर होता.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना ते चित्र दाखवले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “कॅमेरा अगदी ठणठणीत आहे. नको तेवढा शहाणा आहे, इतकेच.”

त्यांच्या म्हणण्यातले मर्म ध्यानात घ्या. वेबकॅम केला आहे तो बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवण्यासाठी. उजेड कमी झाला की तो आपण होऊन चित्र उजळ करतो, रंग बदलला की सावरून घेतो, काही जवळ आले की नजर त्याच्यावर आणतो. बोलताना ही सेवा बरी. पण आपल्याला ४८० चित्रे एकसारखी हवी असतात आणि हा गडी प्रत्येक चित्राला नवा विचार करतो. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला असले डोके नव्हते. त्यांनी ठरवले तेच तो करी.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो’ म्हणून जे जे असेल ते बंद करा. उजेडाचे, म्हणजे एक्स्पोजरचे, रंगाचे, म्हणजे व्हाइट बॅलन्सचे, आणि फोकसचे. भिंत निळसर का होत होती ठाऊक आहे? बैलावरची तांबडी झूल कॅमेऱ्याच्या जवळ आली की चित्रात तांबडे फार झाले असे त्याला वाटे, आणि तो उलट्या बाजूने रंग ओढी. कॅमेऱ्याची वायर काढून पुन्हा लावली की कित्येकदा ही सेटिंग पुसली जातात. तेव्हा आकडे वहीत टिपून ठेवावेत आणि दर बैठकीला ताडून पाहावेत.

एवढे करूनही चित्र लुकलुकले तर? तर मग दोष उजेडाचा. साताऱ्यात पोराने मेज मांडले होते खिडकीपाशी, आणि आषाढातले ढग अजिंक्यताऱ्यावरून सारखे येत-जात होते. खिडकीला जाड चादर लावून टाका आणि दिव्यावर काम करा. शिवाय स्वारी पांढरा सदरा घालून मेजावर वाकत होती. सदऱ्याचा उजेड बैलावर पडे. गडद कपडे घालावेत, आणि दर वेळी एकाच जागी मागे सरकून मग कळ दाबावी.

दिव्याचीही एक गंमत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे जुनी ट्यूब किंवा हलका एलईडी दिवा सेकंदात १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सांगलीत आमच्या वर्गातल्या मुलांनी हाच प्रयोग केला, तेव्हा खिडकी बंद असूनही चित्रावर आडवे पट्टे आले, ते या ट्यूबचे. कॅमेऱ्यात ५० आणि ६० असा पर्याय असतो; ६० असेल तर ५० करावे. एक्स्पोजरही एका सेकंदाचा पन्नासावा किंवा पंचविसावा भाग असे ठेवावे, म्हणजे मंद-तेजाचे पुरे हेलकावे प्रत्येक चित्रात सारखेच पडतात. बैल बिचारा स्थिर उभा, त्यामुळे एक्स्पोजर लांबले म्हणून बिघडत नाही. उलट गेन कमी ठेवता येतो आणि अंधारातल्या चित्रात मुंग्यांसारखे वळवळणारे कण दिसत नाहीत. जुना तारेचा बल्ब फारसा लुकलुकत नाही, पण शेजारी पाण्याची मोटार सुरू झाली की मंदावतो. त्यापेक्षा चांगल्यापैकी एलईडी दिवे बरे.

शिंगे धुरकट का झाली? फोकसचे ऑटो बंद केल्यावर भागेल असे आम्हाला वाटले होते, पण काही वेबकॅमांचा फोकस हातभर अंतरासाठी कायमचा बसवलेला असतो. बैल वीतभरावर आणला की तो धूसरच दिसणार. तेव्हा कॅमेरा मागे घ्यावा, किंवा भिंगाभोवती फिरवायची कडी असलेला वेबकॅम मिळवावा. आणि भिंगावरचे बोटाचे तेल पुसावे. हे सांगायला नको, पण पुसत कोणी नाही!

चित्रच येईनासे झाले तर घाबरू नये. बहुधा दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा अडवून बसलेला असतो. तो बंद करावा, आणि वायर मधल्या हबला न लावता थेट संगणकाला लावावी.

आता सगळ्यांत उपयोगी युक्ती. काम सुरू करण्यापूर्वी बैलाला हात न लावता २४ चित्रे घ्या आणि ती वेगाने पाहा. या दोन सेकंदांत पडद्यावर काहीही हलता कामा नये. जे हलेल, तो दोष. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा २४ चित्रे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. आमच्या भाच्याने पहिल्या दिवशी नेमके तेच केले.

मी शनिवारी एस. टी.ने साताऱ्याला गेलो. विटेला चिकटपट्टीने कॅमेरा बांधला, चादर लावली, आणि पाचव्या खेपेला २४ चित्रे अगदी दगडासारखी स्थिर आली. तोवर एका बैलाचे शिंग सुकून तडकले होते. आजोबा म्हणाले, “आण इकडे.” थरथरत्या बोटांनी त्यांनी ओली माती लावली. ती बोटे चौकटीत आली होती आणि पोराचा हात कळीवरच होता. ती सात चित्रे त्याने तशीच ठेवली आहेत.